हळद्याची फांदी

४ एप्रिल

साडूभाऊ,

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोन दोघी बहिणींच्या ताब्यात असतो. त्या सुरू झाल्या की आपल्या वाट्याला शेवटी "बरं, ठेवते हं" एवढंच येतं. साडू-साडूंनी बोलायचं तरी कधी?

मुद्दा असा, की धाकटी आठवडाभर इकडे येतेय हे कानावर आलं. तुम्हीही या. स्टुडिओला कुलूप लावा. आठवडाभर कुणाला पासपोर्ट मिळाला नाही तर जग बुडत नाही.

दुकान मुलाच्या हाती दिलं तेव्हा मला वाटलं होतं की आता आपण घरात बसून बायकोच्या पायात पायात येणार. पण घरासमोरचा रस्ता ओलांडला की राखीव रानाचं फाटक आहे, आणि एवढी वर्षं मी ते नुसतं पाहत होतो. आता रोज सकाळी आत असतो. काल तळ्याकाठी खंड्या बसला होता. सूर मारला, मासा आणला, फांदीवर आपटून आपटून सरळ केला आणि गिळला. त्यानंतर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मागायला गेलोय. दलदलीच्या बाजूला घोरपड ऊन खात पडलेली असते. गवतावर कोळ्यांची जाळी दवानं भरलेली असतात, ती मोडून पुढे जाववत नाही.

आमचा एक गट आहे. बाई पुढे असतात. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, अजूनही आम्हाला रांगेत चालवतात. मागे पिशवीकाकू. वयानं माझ्याएवढ्याच, पण सगळे काकू म्हणतात. खांद्याला भलीमोठी पिशवी, तिच्यात सुई-दोरा, सुतळी, चिकटपट्टी, पेपरमिंट, बसायला जुनी वर्तमानपत्रं. तोंड मात्र मिटत नाही. त्यांच्यामुळे आम्ही निम्मे पक्षी फक्त उडून जाताना पाहिलेत.

गटाचा एक नियम तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. घरटं दिसलं की बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ज्याला दिसलं त्यानं पाठ फिरवायची आणि दुसऱ्या वाटेला लागायचं. बाकीच्यांनी कारण न विचारता मागे जायचं. घरटं कुठं आहे हे ज्याला दिसलं त्याच्याच पोटात राहतं. परवा पहिल्यांदाच मी पाठ फिरवली आणि अख्खा गट माझ्यामागे वळला. बाईसुद्धा. काय सांगू, इतकी वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही एवढा मान मिळाला नव्हता.

या. दुर्बीण माझ्याकडे जादा आहे.

तुमचा,
चष्मेवाला

*

२४ एप्रिल

साडूसाहेब,

सुखरूप पोचलो. तुमची मेहुणी बसमध्ये बसल्यापासून झोपली ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी उठली. ताईच्या हातचं खाऊन माझी पॅन्ट कमरेला मिटेना, म्हणून स्टुडिओत कुणाचाही फोटो उभ्यानंच काढतोय, बसलो की बटण जातं.

तुमच्या रानाबद्दल काय लिहू? मी आयुष्यभर काळ्या पडद्यासमोर माणसं बसवली. हनुवटी जरा वर, खांदा खाली, हसू नका, आता हसा. तिथं कुणालाच काही सांगावं लागत नाही. ती बदकाची पिल्लं आईच्या मागे एका ओळीत निघाली तेव्हा मी कॅमेरा उचलायचाच विसरलो. आणि ते कासव! ओंडक्यावरून स्वतःच घसरून पाण्यात पडलं आणि मग इकडेतिकडे पाहिलं. बाईंसकट सगळे हसले, तेव्हा मला तुमचा गट आवडला.

तुम्ही मला झाडामागून जे दाखवलंत ते माझ्यापाशीच राहील. नियम मोडून दाखवलंत, साडू म्हणून दाखवलंत, हे मी विसरणार नाही. एवढा पिवळाधमक पक्षी आणि एवढीशी झोळी! पिल्लांच्या चोचीच तेवढ्या दिसल्या, त्याही पानांआडून.

निघायच्या दिवशी सकाळी तुमचं पोट बिघडलं म्हणून मी एकटाच जाऊन आलो, ते बरं केलं की नाही कोण जाणे. तुमच्याशिवाय मजा नाही. नुसता एक फेरफटका मारला. फोटो म्हणाल तर फारसे काही हाती लागले नाहीत.

तिकडे सगळं ठीक आहे ना? रानात, म्हणजे. वेळ मिळाला की दोन ओळी टाका.

तुमचा,
हनुवटीवर

*

२ मे

साडूभाऊ,

रानात ठीक नाही.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही गेलो तर हळद्याची जोडी त्या झाडाभोवती ओरडत फिरत होती. लांबूनच दिसलं की एक फांदी वेडीवाकडी ओढलेली आहे. गटात उंच मीच, म्हणून बाईंनी मला एकट्याला पुढे पाठवलं. कुणीतरी घरट्यासमोरची पानांची फांदी बाजूला ओढून शेजारच्या खोडाला बांधून ठेवली होती. झोळी उघडी पडलेली. आत काही नव्हतं. खाली मुळांशी थोडी पिसं होती, आणि वर कावळा बसला होता, अजून हललाही नव्हता.

मी फांदी सोडली. ती आपल्या जागी गेली, घरटं पुन्हा झाकलं गेलं. आता झाकून काय उपयोग होता?

परत आल्यावर बाईंनी विचारलं, कशानं बांधली होती? मी म्हटलं, सुतळी असावी. मी एवढंच म्हटलं. पण सुतळी म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना पिशवीकाकूंकडे वळल्या. काकूंना आधीपासून संशय होताच की मी तुम्हाला काहीतरी दाखवलंय. दोनतीनदा मला खोदून विचारलंही होतं, "काय हो, पाहुण्यांना काय दाखवलंत? आम्हाला नाही का?" मोबाइलवर फोटो काढून मुलीला पाठवायची त्यांना भारी हौस. बाईंनी पिशवी उघडायला सांगितली. सुतळीचा गुंडा निघाला.

काकू म्हणाल्या, मी कशाला बांधू? पण त्या एरवीही एवढं बोलतात की त्यातलं खरं कोणतं हे कुणी ऐकून घेत नाही. बाईंनी शांतपणे सांगितलं, उद्यापासून आपल्याबरोबर येऊ नका. लोकांना खरं तर सुटल्यासारखंच झालं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नियम तो नियम, आणि मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

धाकटीला आशीर्वाद. आणि चष्मा सांभाळत जा, वाकलात की पडतो तुमचा.

चष्मेवाला

*

११ मे

साडूसाहेब,

पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुमची मेहुणी म्हणाली, "काय झालंय?" मी म्हटलं, पित्त. गेले आठ दिवस मला पित्तच आहे.

पिल्लं गेली याचं वाईट वाटतंच. पण त्या काकूंचं मनातून जात नाही. मला तर त्या फार भल्या वाटल्या. पहिल्याच दिवशी माझ्या खिशात पेपरमिंट कोंबलं आणि म्हणाल्या, खोकलात तर बाई रागावतील. सुतळी काय, कुणाकडेही असते. बाहेरचं कुणी नसेल का आलं? रानात कुणीही शिरतं. एखाद्या हौशी फोटोवाल्यानं केलं असेल, असे लोक असतात. वाऱ्यानंही फांदी अडकते कधी कधी.

म्हातारं माणूस आहे, एकटं राहतं. एवढ्यावरून तोडून टाकायचं म्हणजे जरा जास्तच होतं. तुमचं गटात वजन आहे, तुम्ही बाईंशी बोललात तर ऐकतील.

इकडे लग्नाचे फोटो चालू आहेत. काल एका नवरीचा पदर सारखा करायला हात पुढे केला आणि तसाच थांबलो. ती म्हणाली, काका, काय झालं? काही नाही म्हटलं.

बघा काही जमतंय का.

तुमचा,
हनुवटीवर

*

२० मे

साडूभाऊ,

वाऱ्यानं फांदीला गाठ बसत नाही.

तुम्हाला काकूंचा एवढा पुळका का आला, कळलं नाही. चार दिवसांची ओळख. इथं रोजचा व्यवहार आम्हाला करायचाय. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

येऊ नका म्हटलं तरी त्या आल्या. तळ्याच्या वळणावर समोरून आल्या, पिशवी खांद्याला, आणि लांबूनच हसून हात केला. बाईंनी काही न बोलता पाठ फिरवली आणि दुसरी वाट धरली. बाकीचे मागे. घरट्यासाठी करतो तसंच. मीही वळलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवसापासून त्या आत येत नाहीत, फाटकाशी बाकावर बसतात. आम्ही बाहेर पडतो तेव्हा विचारतात, "आज काय काय दिसलं?" कुणी उत्तर देत नाही.

परवा मी एकटा मागे राहिलो होतो, तेव्हा त्यांनी गाठलं. म्हणाल्या, "चष्मेवाले, जवळून तुम्हीच पाहिलीत ना? नक्की सुतळीच होती?"

मी हो म्हटलं.

"मग माझ्याकडूनच झालं असेल," त्या म्हणाल्या, "पण मला आठवत कसं नाही?" आणि पिशवी मांडीवर घेऊन गुंडा काढला आणि उलटसुलट करून पाहत राहिल्या. आता ही लबाडी की वय, मी काय सांगू?

खरं सांगायचं तर घरी येऊन मलाही चहा कडू लागला. बायको म्हणाली, साखर घातलीय. असो.

पुढच्या महिन्यापासून रविवारची फेरी मी न्यावी असं बाई म्हणतायत. नवीन लोक येतात, त्यांना शिस्त लावायला कुणीतरी हवं. मी अजून हो म्हटलेलं नाही.

साडूभाऊ, तुम्हाला मला काही सांगायचं असेल तर सांगा. नसेल तर हा विषय इथंच थांबवू.

चष्मेवाला

*

२९ मे

साडूसाहेब,

सांगायचंय. पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं.

फांदी मी बांधली.

त्या शेवटच्या सकाळी मी फेरफटका मारायला गेलोच नव्हतो. सरळ झाडाशी गेलो. ऊन तिरपं पडलं होतं, घरट्याच्या मागे हिरवंगार, पण पुढ्यात ती फांदी. पिल्लांनी चोची उघडल्या की एकदोन पानं नेमकी मध्ये यायची. माझ्या हाताला सवय आहे हो. पडदा सरकवायचा, केस मागे घ्यायचे, उजेड चेहऱ्यावर आणायचा. मी दिवसभर तेच करतो. ते करताना मी विचारसुद्धा करत नाही. फांदी ओढली आणि बांधायला काही सापडेना म्हणून चष्म्याची दोरी काढली. तुम्ही पहिल्या दिवशी दुकानातून आणून दिली होती तीच, तपकिरी, दोन्ही टोकांना रबरी फासे असलेली. तुम्हाला सकाळच्या धूसर उजेडात सुतळी वाटली असेल. पण ती सुतळी नव्हती, तुमचीच दोरी होती.

आईबाप डोक्यावर येऊन ओरडत होते. मी म्हटलं, एक मिनिट थांबा रे, झालंच. साडूसाहेब, मी त्यांना असं खरंच म्हटलं, गिऱ्हाइकाला म्हणतो तसं.

तेवढ्यात गटाचे आवाज आले. बाईंनी मला तिथं पाहिलं तर तुमची काय शोभा होईल, या भीतीनं मी मागच्या बाजूनं पळालो. वाटलं, ते गेले की येऊन सोडू. मग घरी निरोपानिरोपी, डबे, बस. बस सुटल्यावर चष्मा नाकावरून घसरला आणि लक्षात आलं. फोन खिशात होता. एक फोन केला असता तर तुम्ही रस्ता ओलांडून फांदी सोडून आला असतात. पण फोन ताई उचलणार, मग काय सांगायचं, आणि शेजारी झोपलेली बायको जागी झाली तर? मनाशी म्हटलं, काही होत नाही. साऱ्या वाटेत तेच म्हणत आलो.

फोटो अप्रतिम आलाय. मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावलासुद्धा होता. तुमचं पत्र आलं त्या दिवशी एक माणूस बाहेर थांबून मुलीला म्हणत होता, बघ, किती भुकेलीत. मी आत जाऊन तो काढला आणि उलटा करून ठेवला. फाडवत नाही आणि बघवतही नाही.

काकूंचं वाचून मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. हे पत्र बाईंना दाखवा, सगळ्यांना दाखवा. माझी लाज राखू नका. काकूंच्या पाया पडायला मी यायला तयार आहे.

तुमचा,
(आज टोपणनाव लिहवत नाही)

*

९ जून

साडूभाऊ,

तुमचं पत्र पोचलं. धीराचं काम केलंत.

गटाला वाचून दाखवलं. तुमचं अक्षर म्हणजे डॉक्टरालाही लाजवेल असं, दुसऱ्या कुणाला लागलं नसतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचलं. बाई म्हणाल्या, चूक मोठी, पण माणूस प्रामाणिक. आणि मला म्हणाल्या, स्वतःच्या साडूचं पत्र असं चारचौघांत वाचणं सोपं नव्हतं, तुमचं कौतुक वाटतं. मी खाली पाहत राहिलो. तुम्हाला घरटं मी दाखवलं, हेही मी कबूल केलं. त्याबद्दल बोलणी बसली, ती मी घेतली.

मग आम्ही सगळे काकूंच्या घरी गेलो. बाईंनी हात जोडून माफी मागितली. काकू रडल्या, हसल्या, सगळ्यांना खुर्च्या पुरेनात म्हणून पलंगावर बसवलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हणजे सुतळी मी त्यांना दिली असणार. बघा, तेही आठवत नाही." आम्ही म्हटलं, जाऊ द्या हो काकू, होतं असं या वयात. त्यांची मुलगी आली होती. आईचं विसरणं वाढलंय म्हणून कुठल्याशा डॉक्टरांना दाखवलंय, आणि आता आपल्या गावी घेऊन जातेय. घर रिकामं करायला काढलंय, खोकी भरून ठेवलीत. एका परीनं बरंच झालं, एकट्या राहत होत्या.

तेव्हा प्रकरण मिटलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. रविवारची फेरी मी घेतली. तळ्यावर पाणकावळे आलेत, पंख पसरून वाळवत बसतात, धुणं टाकल्यासारखे.

चष्मेवाला

*

१५ जून

साडूसाहेब,

एकच विचारतो.

काकू सुतळी म्हणतायत ती कुठून आली? मी तर चष्म्याची दोरी लिहिली होती. तपकिरी, रबरी फाशांची, तुमच्या दुकानातली, एवढं सगळं लिहिलं होतं. तुम्ही पत्र मोठ्यानं वाचलंत म्हणता, मग ती ओळ त्यांना ऐकू कशी आली नाही?

आणखीही एक. गेले चार दिवस तुमची सगळी पत्रं काढून वाचतोय. गाठ तुम्ही स्वतःच्या हातानं सोडलीत. चाळीस वर्षं चष्मे आणि दोऱ्या विकणाऱ्या माणसाला हातात धरूनही दोरी ओळखू येऊ नये? आणि त्याच पत्राच्या शेवटी मला चष्मा सांभाळायला सांगता.

मी तुमच्यापेक्षा चांगला नाही. पिल्लं माझ्यामुळे गेली. पण मी जे लिहिलं ते मी वाईट दिसावं म्हणूनच लिहिलं होतं. त्यातली ओळ तुम्ही गिळायची नव्हती. काकूंचं डोकं ठिकाणावर आहे, साडूसाहेब. त्यांनी मला सुतळी दिलीच नाही, तर आठवेल कुठून?

तुम्ही सांगणार आहात की मी येऊ?

धाकटा साडू

*

२४ जून

साडूभाऊ,

येऊ नका. सांगून आलो.

तुमच्यापाशी आता काही राखून ठेवत नाही. दोरी मी ओळखली होती. गाठ सोडायच्या आधीच ओळखली. बोटांना रबर लागलं. मागे वळून पाहिलं तर बाई उभ्या होत्या, आणि मी ती खिशात घातली. सुतळी हा शब्द तोंडातून कसा निघाला, मला माहीत नाही. तेव्हा काकूंचा विचार डोक्यात नव्हता, एवढं खरं. पण माना तिकडे वळल्या तेव्हा मला हायसं वाटलं. हेही तेवढंच खरं. तुमच्यासाठी केलं असं मी मनाला बरेच दिवस सांगितलं. तुमच्यासाठी काही केलं नाही. घरटं दाखवणारा मी, दोरी देणारा मी, आणि नुकतीच सगळ्यांनी माझ्यामागे वळायला सुरुवात केलेली. तेवढं सोडवलं नाही.

पत्र वाचताना त्या ओळीशी आलो आणि आवाज न बदलता "सुतळीनं" असं वाचलं, दोरीबद्दलचं पुढचं गाळलं. एवढं सफाईनं खोटं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. त्यावर बाईंनी पाठ थोपटली. साडूभाऊ, शिव्या खाणं सोपं असतं हो, कौतुक खाल्लं ते अजून घशाखाली उतरत नाही.

तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस नुसता फाटकापर्यंत जाऊन परत आलो. मग बाईंकडे गेलो. दोरी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मला काय सांगताय? तिला सांगा."

काकूंच्या घरात खोकीच खोकी. भिंतीवर फक्त घड्याळ राहिलं होतं. मुलगी वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होती. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पाहुणी बसते तशा. मला पाहून नेहमीसारखं "या या" म्हणाल्या, आणि मग मुलीकडे वळून हळूच विचारलं, "हे येणार असं मला कुणी सांगितलं होतं का गं?" मुलगी म्हणाली, "नाही आई." तरी काकूंना खात्री वाटेना.

मी उभ्यानंच सांगितलं. सुतळी नव्हती. चष्म्याची दोरी होती, मीच साडूंना दिलेली. मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही काही दिलं नाहीत, काही बांधलं नाहीत, आणि काहीही विसरला नाहीत.

काकूंना गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मुलीनं कपबशी खाली ठेवली. ती म्हणाली, "महिनाभर आई रात्री उठून गुंडा मोजत बसते. किती कापली, कधी कापली. गॅस बंद केला का म्हणून चारचारदा उठते. आपण काय करतो ते आपल्याला कळत नाही, असं तिनंच डॉक्टरांना सांगितलं. घर सोडायलाही म्हणूनच तयार झाली. आणि तुम्ही इथं येऊन याच पलंगावर बसून गेलात."

मी हो म्हटलं.

मग काकू बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मला आठवत होतं हो. मी बांधली नाही हे मला लख्ख आठवत होतं. पण तुम्ही सुतळी म्हणालात. माझे डोळे इतकी वर्षं तुम्ही तपासलेत, नंबर वाढला म्हणालात की वाढला, कमी झाला म्हणालात की कमी झाला. मी म्हटलं, चष्मेवाल्यांनी जवळून पाहिलंय, ते कसे चुकतील? तेव्हा माझंच काहीतरी चुकत असणार."

मी तिथंच एका खोक्यावर बसलो. पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "ते नको. परत सांगा. सुरुवातीपासून."

मी परत सांगितलं. मधेच त्यांनी थांबवलं, "दोरी कोणत्या रंगाची?" तपकिरी म्हटलं. "आणि माझी सुतळी?" पांढरी, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मुलीकडे पाहिलं. मुलगी खोक्यासमोर बसली होती. म्हणाली, "जायचं की नाही ते आता तूच ठरव आई, मी काही बोलत नाही."

काकू उठल्या, खिडकीशी गेल्या आणि कडी काढून दोन्ही दारं सताड उघडली. बाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता आणखी एकदा. आणि जरा मोठ्यानं. माझं डोकं फिरलंय हे हिलाही सांगून ठेवलंय मी."

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं.

थोरला साडू